चार बोटं गुडघ्याखाली

टेलरमावशी रागात असली की मशीनला हात लावत नाही. सुया मोडतात. त्या आठवड्यात मशीनवर चार दिवस कापड झाकलेलं होतं.

जिन्याखालच्या त्या खोलीत सत्तावीस वर्षं ती एकाच शाळेचे गणवेश शिवत आली होती. खोली एवढीशी, की माप द्यायला पोरांना उंबऱ्यातच उभं राहावं लागे. भिंतीवर पुठ्ठ्याचे खाके टांगलेले, मुलींचे डावीकडे, मुलांचे उजवीकडे. एका ताग्यात इतरांपेक्षा दोन सदरे जास्त काढणारी बाई, अशी तिची ख्याती होती आणि तिला त्याचा गर्वही होता.

नववीतल्या एका मुलीला सगळे शिडी म्हणत, इतकी ती भराभर वाढत होती. वर्षाच्या सुरुवातीला ती उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मला पँट शिवा."

"मुलींना स्कर्ट असतो. घाल की मुकाट्यानं, एवढं काय त्यात?"

"स्कर्ट घातला की मी दुसऱ्याच कुणाचं तरी नाटक करतेय असं वाटतं. दिवसभर."

मावशीनं तिला उडवून लावलं. पण पोरगी चिवट. दर शनिवारी येऊन तेच. शेवटी तिच्या आईनं हात टेकले, मग मावशीनंही. उजवीकडचा खाका काढला आणि पँट शिवली. ती घालून शिडी आरशात बघून हसली, तेव्हा मावशीला वाटलं, उगीच छळलं आपण पोरीला.

शाळेनं काही महिने काणाडोळा केला. वार्षिक परीक्षा तोंडावर आली आणि एकाएकी शिस्त आठवली. चार दिवस शिडी वर्गाबाहेरच्या बाकावर. सोमवारी पहिला पेपर, आणि पँट घालून आलीस तर पेपर मिळणार नाही, असं तिला बजावलेलं.

मावशी तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाईंनी शांतपणे फाइल उघडली आणि पिवळा पडलेला एक कागद पुढे सरकवला. 'मुलगे: पँट. मुली: स्कर्ट, चार बोटं गुडघ्याखाली.'

"आपल्या शाळेची परंपरा आहे ही."

मावशी कागदाकडे बघतच राहिली. "अहो बाई, हे अक्षर माझं आहे!"

शाळा नवी होती तेव्हाची गोष्ट. पहिल्याच वर्षी कापड कमी आलं. तेव्हाचे हेडसर म्हणाले, तुम्हीच काय ते ठरवा आणि लिहून द्या. साध्या स्कर्टला कापड कमी लागतं. सगळ्यांना पुरावं म्हणून तिनं उभ्या उभ्या दोन ओळी खरडल्या होत्या. कसली परंपरा आणि कसलं काय!

"म्हणजे नियम तुम्हीच केला आणि तुम्हीच मोडताय?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"मीच लिहिलं, मीच खोडते. पेन द्या इकडे."

"असं कसं? आता तो शाळेचा नियम आहे. सुट्टीनंतर समिती बसेल, तेव्हा बघू."

"आणि सोमवारचं काय?"

"स्कर्ट घालून येऊ दे. एवढं काय त्यात?"

मावशीच्या तोंडचे शब्द तिच्याच अंगावर आले. पुढे ती बरंच बोलली, आवाज चढवून बोलली. भिंतीशी बोलल्यासारखं झालं.

शनिवारी दुपारी शिडी आली. हातात पँट, घडी घातलेली. "स्कर्ट शिवून द्या मावशी. वर्ष नाही घालवायचं मला."

मावशीनं मशीनवरचं कापड काढलं. गुडघ्याखाली चार बोटं मोजताना पोरगी खांबासारखी उभी होती, टेप कुठं लागतोय तेही बघत नव्हती. त्या एका स्कर्टला मावशीच्या दोन सुया मोडल्या.

"ही तुमच्याकडेच ठेवा," पँट पुढे करत शिडी म्हणाली. "समितीनं हो म्हटलं की घालीनच. पण तोवर मी अजून वाढेन. खालून सोडता येईल ना?"

मावशीनं पँटचा पाय उलटा करून पाहिला. आत दुमड होती जेमतेम बोटभर. जन्मभर कापड वाचवत आलेला हात, जास्त कुठून ठेवणार?

"येईल की," ती म्हणाली आणि पोरीकडे न बघता टेप गुंडाळत बसली.