मुंडावळ्यांमागची आई

आमच्याकडं माणूस गेल्यावर त्याला कोट मिळतो. जन्मभर ज्यानं सदरा-धोतराशिवाय अंगाला काही लावलं नाही, तोही भिंतीवरच्या फोटोत निळ्या पडद्यासमोर काळा कोट घालून ताठ बसलेला दिसतो. मान त्याची, कोट स्टुडिओचा. बेळगावपासून निपाणीपर्यंत कितीतरी घरांत हा कोट मी पाहिलाय. तीच कॉलर, खांद्यावर तीच एक चुणी. पूर्वी मला त्याचं फार हसू यायचं. आता तितकंसं येत नाही, आणि त्याला कारण येळ्ळूरच्या एक आक्का आहेत.

पुण्यात बरीच वर्षं जाहिरातींचे फोटो साफ करण्याची नोकरी करून, वडील आजारी पडले तेव्हा मी बेळगावात, अनगोळला परत आले. वडील बरे झाले, मी मात्र इथंच राहिले. घरी बसून आसपासच्या स्टुडिओवाल्यांचे लग्नाचे अल्बम करून द्यायला लागले. प्रत्येक अल्बमबरोबर निरोप ठरलेला: ‘मॅडम, नवरी जरा गोरी करा.’ ऐकून ऐकून माझं डोकं फिरायचं. एक दिवस निपाणीच्या अण्णांचा फोन आला, तेच वाक्य, आणि मी फाडकन बोलून गेले, ‘‘नवरी आहे तशी छान आहे अण्णा, तुमचा फ्लॅश वाईट आहे.’’

अण्णांचा स्टुडिओ तंबाखूच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर आहे. गिऱ्हाईक शिंकत शिंकतच जिना चढतं. वयानं माणूस माझ्याहून मोठा, धंद्यात मुरलेला. आता हे काम गेलं, असं मी धरून चालले. पण अण्णा म्हणाले, ‘‘मग शिकवा की वो. नुसतं रागाला यून काय व्हतंय?’’

संगणकावर फोटो सुधारायला शिकवणाऱ्या कार्यशाळेची कल्पना ही अशी फोनवरच्या भांडणातून निघाली. वाचनालयाचा वरचा हॉल रविवार सकाळपुरता मिळाला. प्रोजेक्टर अण्णांनी आणायचा, लॅपटॉप ज्याचा त्यानं, चहा खालच्या गाड्यावरून. पत्रक कुठल्या भाषेत काढायचं यावर मात्र घोडं अडलं. इकडं पाटीवर कुठली अक्षरं वर आणि कुठली खाली यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात, मग पत्रकाचं काय घेऊन बसलात! शेवटी आम्ही पत्रक काढलंच नाही. फोन करकरून माणसं गोळा केली. खानापूरकडचे दोघं स्टुडिओवाले आले, गोकाकचा एक कन्नड बोलणारा लग्नाचा फोटोग्राफर आला, काही कॉलेजची मुलंमुली आली. पहिल्याच दिवशी लेअर, म्हणजे फोटोवर एकावर एक चढवायचे थर, हे सगळ्यांना कळेल असं सांगताना मी अडखळले, तर गोकाकवाला म्हणाला, ‘‘लेअर अंद्रे लेअर री, मॅडम.’’ लेअर म्हणजे लेअरच! सगळे हसले आणि भाषेचा प्रश्न तिथंच मिटला.

दुसऱ्या रविवारी आक्का आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बेळगावात बँकेत नोकरी, राहायला येळ्ळूरला. भाताच्या शेताचे वगैरे फोटो काढण्याची हौस असेल, असं मला वाटलं. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक जुना फोटो काढला आणि टेबलावर ठेवला.

‘‘मॅडम, मला बाकी काय शिकायचं न्हाय. ह्यातनं माझी आई काढायचीया.’’

फोटो आक्कांच्या स्वतःच्या लग्नातला होता. पुढं नवरी, म्हणजे आक्का, मुंडावळ्या बांधलेली, मान किंचित खाली. शेजारी करवली. आणि नवरीच्या खांद्यामागं, मांडवाच्या खांबाला टेकून, पदर डोक्यावर घेतलेला एक चेहरा. तोही पुरता नाही. हनुवटीची एक बाजू नवरीच्या खांद्याआड गेलेली.

वडील, म्हणजे आप्पा, गेले तेव्हा आक्का आणि त्यांचा भाऊ दोघंही शाळेतसुद्धा जात नव्हते. आईनं शेत केलं, दोघांना शिकवलं, लेकीचं लग्न ठरवलं, आणि लग्नाच्या दिवशी मांडवाच्या मागं जाऊन उभी राहिली. विधवेनं पुढं यायचं नाही, ही रीत. कन्यादान चुलता-चुलतीनं केलं. मंगलाष्टका सुरू झाल्यावर आईला राहवलं नाही. एक पाऊल पुढं येऊन तिनं डोकावून बघितलं. फोटोवाला ‘मागचे सरका, मागचे सरका’ म्हणून ओरडला, पण ती सरकायच्या आत त्यानं बटण दाबलं होतं. लग्नानंतर ती फार दिवस जगली नाही. मतदार ओळखपत्रावर तिचा आणखी एक फोटो आहे, पण त्यात नुसता काळा डाग दिसतो. तो तिचा म्हणून दाखवला काय आणि गावातल्या कुणाचाही म्हणून दाखवला काय, सारखंच.

‘‘भावानं नवं घर बांधलंय,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘वास्तुशांत जवळ आलीया. आप्पांचा फोटो हाय, कोटातला. भाऊ म्हणतोय आईचा न्हाय मिळत तर ऱ्हाऊ दे, आप्पांचा एकटाच लावू. ज्या घराची जागा तिनं राखली, त्या घरात ती न्हायच व्हय?’’

‘‘एखाद्या स्टुडिओत दिला नाहीत?’’

‘‘दोन ठिकाणी दिलता. दोन निराळ्याच बायका घिऊन आले.’’

मी हसले. आक्का हसल्या नाहीत. मग मीही हसू आवरलं.

आता शिकवणाऱ्याला असलं काम म्हणजे पर्वणीच. आक्कांना विचारून तोच फोटो मी सगळ्यांना घरचा अभ्यास म्हणून दिला. पुढच्या रविवारी प्रत्येकानं आपापली ‘आई’ घेऊन यायची. आमची मंडळी एरवी अभ्यासाला टाळाटाळ करणारी, पण या वेळी झाडून सगळ्यांनी केला. माझा ऊर भरून आला होता. बघा, कसा जीव लावतायत, असं मी अण्णांना म्हटलंसुद्धा.

रविवारी एकेक आई भिंतीवर उमटायला लागली आणि माझा आनंद ओसरत गेला. खानापूरच्या एकानं निळा पडदा लावून भरजरी साडी नेसवली होती. दुसऱ्यानं सुरकुत्या अशा काही पुसल्या होत्या की आई आक्कांची धाकटी बहीण दिसत होती. एका कॉलेजच्या मुलीनं मोबाईलमधल्या कुठल्याशा ॲपला फोटो दिला होता. त्यानं आईला पांढरेशुभ्र दात देऊन हसवलं होतं. आक्का सगळ्यांना ‘बरं झालंय’ म्हणत होत्या. मग अण्णांची पाळी आली. अण्णांचं काम सफाईदारच असतं. चेहरा नीट उजळलेला, पदर सरळ केलेला, आणि कपाळावर ठसठशीत लाल कुंकू. गळ्यात मंगळसूत्र.

‘‘मोकळं कपाळ बरं न्हाय दिसत, आक्का,’’ अण्णा आदरानं म्हणाले. ‘‘भिंतीवर जायाची ती. शोभलं पायजे.’’

आक्का भिंतीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘अण्णा, कुंकू असतं तर ती तितं मागं कशाला उभारली असती?’’

अण्णांचा चेहरा पडला. त्यांनी काही वाईट मनानं केलं नव्हतं. त्यांच्या मते त्यांनी त्या बाईला तिचा मान परत दिला होता. इतकी वर्षं हेच करत आलोय आपण सगळे, मला वाटलं. शेतकऱ्याला कोट द्यायचा, विधवेला कुंकू द्यायचं, सावळीला गोरी करायचं, आणि मग ते भिंतीवर टांगून त्याच्या पाया पडायचं. जगताना जे मिळालं नाही ते मेल्यावर स्टुडिओनं द्यायचं. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त माझ्या स्वतःच्या लॅपटॉपचा.

कारण मी केलेली आई अजून दाखवायची होती. मी कुंकू लावलं नव्हतं, सुरकुती पुसली नव्हती, जुन्या छपाईचा रवाळ दाणासुद्धा तसाच ठेवला होता. पुण्यात शिकलेलं सगळं कसब मी पणाला लावलं होतं. आक्कांनी बघितलं. ‘‘चांगलं झालंय, मॅडम,’’ त्या म्हणाल्या. आमच्याकडं जेवणाला नावं ठेवायची नसली की याच आवाजात चांगलं म्हणतात.

‘‘काय चुकलं ते सांगा, आक्का.’’

‘‘चुकलं कुटं? पर हनुवटी तिची न्हाय.’’

खरंच नव्हती. ती नवरीच्या खांद्याआड होती. नवरी काढून टाकल्यावर तिथं भोक पडलं, ते मी माझ्या अंदाजानं भरलं होतं. अर्धी हनुवटी, अर्धा गळा, डावा खांदा, सगळं माझ्या मनचं. आक्कांना मी ते समजावून सांगायला लागले. माझा आवाज चढला होता, हे मला कळत होतं. हे बघा, इथं माहितीच नाही, जे कॅमेऱ्याला दिसलं नाही ते मी कुठून आणू, म्हणत मी मूळ फोटो उघडला आणि नेमकी अडचण दाखवायला मोठा मोठा करत नेला. करवली बाहेर गेली. खांब बाहेर गेला. भिंतीवर उरला तो आईचा चेहरा, आणि पुढच्या कोपऱ्यात नवरीचा खांदा, धूसर. त्यावर मुंडावळ्यांचे मोती, तेही धूसर.

‘‘थांबा,’’ आक्का उठून उभ्या राहिल्या. ‘‘आता हात लावू नगा.’’

मी हात मागं घेतला.

आईचे डोळे खाली, खांद्याच्या दिशेनं वळलेले होते. ओठ घट्ट मिटलेले. आठवडाभर आम्ही सगळ्यांनी त्या डोळ्यांवर काम केलं होतं, उजळले होते, धार काढली होती, पण ते बघतायत कुणाकडं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. कारण आमचं पहिलं काम होतं नवरीला काढून टाकणं.

‘‘माझ्याकडं बघतीया,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘मला ठावंच नव्हतं. माझी मान खाली हुती.’’

त्या रविवारी आक्कांनी लॅपटॉपवर फोटो स्वतःच्या हातानं कापला, आईचा चेहरा आणि कोपऱ्यातला नवरीचा खांदा तेवढा ठेवून. मी फक्त शेजारी बसले. मोठा केल्यावर दाणेदार दिसेल म्हणून अण्णांनी खरबरीत कागद सुचवला आणि छापून द्यायची जबाबदारी आपणहून घेतली. कुंकवाबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत. जाताना मात्र पायरीवर थांबून मला म्हणाले, ‘‘आमच्या आईचाबी फोटो मीच केलाय, मॅडम. आता घरी जाऊन बघावा लागंल.’’

फोटो झाला, तो भिंतीवर लागेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आक्कांच्या भावाला तो पटला नव्हता. आप्पांचा समोरून, छातीपर्यंत, निळ्या पडद्यावर. त्याच्या जोडीला हा असा तिरपा, आणि त्यात नवरीचा खांदा! लग्नातल्या मुंडावळ्या हाराखाली लावायच्या, हे अशुभ आहे, असं तो म्हणत होता. ‘‘घर त्याचं हाय,’’ आक्का मला फोनवर म्हणाल्या. ‘‘मी दिऊन आलीया. लावला तर लावला.’’ आवाज साधाच होता, पण फोन ठेवल्यावर मला दुसरं काम सुचेना.

वास्तुशांतीला आम्हाला दोघांनाही आग्रहाचं बोलावणं होतं. अण्णा निपाणीहून बसनं आले, स्टँडवरून त्यांना मागं बसवून मी स्कूटर येळ्ळूरला घातली. दारात मांडव, पंगत बसलेली, नव्या रंगाचा वास. भावानं हात जोडून या या केलं आणि आत नेलं. मी आधी भिंतीकडंच बघितलं.

दोन फोटो होते. आप्पा कोटात, आणि शेजारी आई. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर लक्षात आलं, आईच्या फोटोचा चंदनाचा हार मुद्दाम एका बाजूला ओढून घेतलेला होता. कोपऱ्यातला नवरीचा खांदा आणि मुंडावळ्या त्याखाली पूर्ण झाकल्या होत्या. आई आता नुसतीच खाली, हाराकडं बघत होती. आक्का हातात कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. त्यांनी हाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि बोटानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. शुभकार्याच्या दिवशी भावाच्या घरात कोण बोलणार! अण्णा माझ्याशेजारी अस्वस्थपणे चुळबुळत होते.

तेवढ्यात आक्कांच्या मावशीला, आईच्या धाकट्या बहिणीला, हाताला धरून कुणीतरी आत आणलं. म्हातारी भिंतीपाशी गेली, अगदी जवळ जाऊन, डोळे बारीक करून बघायला लागली. बराच वेळ बघत होती.

‘‘हीच की आमची बाई,’’ ती म्हणाली. ‘‘जशीच्या तशी. पर अशी कुणाकडं बघतीया गं?’’

आक्कांनी मान खाली घातली. फोटोत होती तशीच.

भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर निघाला होता, तो दारात थांबला. त्यानं बहिणीकडं बघितलं. मग परत येऊन तांब्या खाली ठेवला, हात वर करून हार बाजूला सारला आणि मावशीला म्हणाला,

‘‘आक्काकडं. ह्यो काय तिचा खांदा.’’