अल्मासची छोटी फाइल

संगणकवाल्यांशी माझं फारसं जमत नाही. अल्मासशी जमलं, कारण चूक झाली की ती मशीनच्या माथी मारत नसे.

जव्हारच्या हारुन टेलरची ती मुलगी. २००३च्या सुमारास आमच्या संस्थेत प्रोग्राम लिहायला लागली. खोडाळ्याकडच्या पाड्यांतल्या मुलांची वजनं आम्ही दर महिन्याला फोनच्या लाइनवरून ठाण्याच्या कार्यालयाला पाठवायचो. कुणाचं वजन घटलेलं दिसलं की तिकडून डॉक्टरांची गाडी निघायची. पण लाइन आपली नावालाच. प्रत्येक मुलापुढे गाव, वडील, वय, वजन असा सगळा पसारा, म्हणून फाइल अर्ध्यातच तुटे.

"दर वेळी लग्नपत्रिका कशाला छापायची?" अल्मास म्हणाली. तिचे अब्बा माप घेताना नुसते आकडे लिहीत. पहिला गळ्याचा, दुसरा छातीचा, हे त्यांना आणि कापड कापणाऱ्याला ठाऊक असे. तिनेही तेच केलं. आकड्यांचा क्रम दोन्हीकडे आधीच ठरवला, मुलांना क्रमांक दिले. शिवाय ज्याचं वजन बदललं त्याचंच पाठवायचं, बाकीच्यांचं मागचं धरायचं. फाइल चिमुकली झाली आणि एका दमात पोचू लागली. आम्ही पेढे वाटले.

दिवाळीनंतर ती माझ्याबरोबर एका पाड्यावर आली. अंगणवाडीसेविका धाकलीबाईंना तिनं यादीतल्या एका पोरीबद्दल सहज विचारलं, "माघी बरी आहे ना? तिचं वजन तेवढंच दिसतंय."

"माघी इथं कुठं हाय, ताई? तिची आई राही तिला घेऊन भिवंडीकडं वीटभट्टीवर गेली. भात झोडून झाला का जातातच सगळी. मी वजन करू कुणाचं?"

माघी आधीच अशक्त होती. ती गावात नाही म्हणून वजन आलं नाही, आणि वजन आलं नाही म्हणून मागचंच धरून ठाण्याला ती ठीक दिसत होती. दरवर्षी गावं रिकामी होताना पाहणारे आम्ही, आणि कुणालाच हे सुचलं नाही! आजही चीड येते.

दुसऱ्या दिवशी काटा घेऊन आम्ही भिवंडीकडची ती वीटभट्टी गाठली. राहीनं विटांच्या आडोशाला निजवलेली पोर उचलून आणली. माघी रडतसुद्धा नव्हती. काट्याकडे पाहून अल्मास सगळ्यांदेखत रडली. पोरीला तिथूनच दवाखान्यात नेलं. ती वाचली, पण बरेच दिवस कुणालाच खात्री नव्हती.

मग अल्मासनं प्रोग्राम बदलला. वजन न झालेल्या प्रत्येक मुलासाठी 'दिसलं नाही' अशी खूण आणि ते कुठे गेलं ते ठिकाण जाऊ लागलं. त्या हंगामात अशाच खुणा जास्त. फाइल फुगली, लाइन पुन्हा तुटू लागली. ठाण्याहून साहेबांचा फोन आला, "त्या रिकाम्या खुणा काढून टाका, फाइल हलकी होईल."

"त्या खुणा म्हणजे मुलं आहेत, सर," अल्मास म्हणाली. "तुटली तर परत पाठवीन."

फोन ठेवून तिनं लगेच पुन्हा लाइन जोडायला घेतली.