चौदा दिवे

माझी थोरली बहीण चौतीस वर्षं एका कचेरीत टायपिस्ट होती. नजर हातातल्या मजकुरावर, यंत्राकडे ढुंकूनही बघायचं नाही, हा तिचा नियम. साहेब बदलले, यंत्रं बदलली, ही बाई काही बदलली नाही.

आता ती पंच्याहत्तरीची आहे. आम्ही दोघी एकत्र राहतो. टेबलावरचा कॉम्प्युटर तिच्याहून म्हातारा. एक पान उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. तरी आपल्या वस्तू तिला आपणच मागवायच्या असतात. गेल्या वर्षी तिच्या मुलाने परस्पर चप्पल मागवली, तपकिरी, ढब्बू. ताईने ती पायात घातली नाही. "मला काय आवडतं ते मला विचारायला तोंड नव्हतं का?" म्हणाली.

त्यावर भाच्याने बजावलं, "आणखी एक घोळ झाला ना आई, तर हा डबा मी उचलून नेणार. मग सगळं मीच मागवणार."

आणि घोळ झालाच. वाचायला एक दिवा हवा होता. बाईसाहेबांनी सगळं आधी कागदावर उतरवलं आणि कागदाकडे बघत धडाधडा टाइप केलं. पान अडकलं होतं 'किती नग' या चौकटीत, बोटं पोचली होती घराच्या नंबरावर. आमचा नंबर चौदा. चौदा दिवे आले. दार पूर्ण उघडेना.

रविवारी भाचा आला. खोकी बघून माझ्यावरच घसरला, "मावशी, तू काय करत होतीस?"

घ्या! जशी काही मी राखणीला होते. "तुझ्या आईला अडवून दाखव, मग मला विचार."

"आई, पुरे झालं. ऊठ."

"बस तिथे," ताई म्हणाली.

तिने परतीचा अर्ज उघडला. एक अक्षर दाबायचं, हात मांडीवर ठेवायचे, ते पडद्यावर उमटलं की पुढचं. तिला असं यंत्राच्या तोंडाकडे बघत बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मला वाईट वाटलं. भाच्याने दोनदा माउसला हात घातला, दोनदा चापट खाल्ली. पाऊण तासाने अर्ज गेला. तेरा दिवे परत.

"बरं, निदान पासवर्ड तरी देऊन ठेव," तो नरमून म्हणाला.

"तो माझ्या बोटांना पाठ आहे. मला नाही."

मग त्याच्यादेखत तिने चपलांच्या पानावर टिचकी मारली आणि ते उघडेपर्यंत हाताची घडी घालून बसली.