वारंगा फाट्यावरचा सीए

“वारंगा फाट्यावर विजय राठोड म्हणून नवीन सीए आलाय. तुमच्या ओळखीचा का?” बँकेच्या मॅनेजरसाहेबांनी फोनवर विचारलं. हिंगोली जिल्हा नवा होता आणि आम्ही सीए मोजकेच. मी इन्स्टिट्यूटच्या मेंबरांची यादी काढली. हे नाव त्यात नव्हतं.

“मग सोमवारी तक्रार टाकतो,” साहेब म्हणाले.

फायनल पास होऊन इन्स्टिट्यूटचा मेंबरशिप नंबर मिळाल्याशिवाय नावापुढे सीए लावणं गुन्हा आहे. खोटी सहीच करायला हवी असं नाही, बोर्ड पुरतो.

तक्रार जाण्याआधी, शनिवारी मी जीपनं फाट्यावर गेले. टायरच्या दुकानाशेजारी ‘विजय राठोड, सीए’ असा दरवाजाएवढा बोर्ड. आम्हाला जाहिरातीची बंदी, त्यामुळे एवढा बोर्ड लावणारा खरा सीए नसणार हे रस्त्यावरूनच कळत होतं.

विजय पंचविशीचा. मी ओळख सांगताच उभा राहिला. “फायनलचा एक ग्रुप राहिलाय, मॅडम.”

“मग हे काय?”

“आमच्या बंजारा तांड्यानं वर्गणी करून लावलं. नाईकांनी सोता. मी काढलं तर तांड्यात तोंड कसं दाखवू?”

“खटला झाला तर पास होऊनही मेंबरशिप अडेल. तेव्हा कुठं दाखवशील?”

मी त्याला घेऊन तांड्यावर गेले. नाईक म्हणजे तांड्याचे प्रमुख. सत्तरीचे, बाजेवर बसलेले.

“काहून काढायचा बोर्ड? पोरगं हिशेब बराबर लिहून राहिलं.”

“लिहितो. पण परीक्षा राहिलीय.”

“एकच ना?”

“काका, साखरपुडा झाला म्हणून सुनेचं नाव लगेच रेशनकार्डावर चढवता का?”

नाईक हसले. “न्हाई चढवत. पण तांड्यानं लावलेलं एकट्यानं उतरवायचं न्हाई. आमी समदे येतो.”

रविवारी वीसेक माणसं जीपला लटकून फाट्यावर आली. नाईकांच्या देखरेखीखाली पेंटरनं ‘सीए’वर रंग फिरवला आणि खाली ‘हिशेब लिहून मिळतील’ असं लिहिलं. मग सगळ्यांनी विजयच्या खर्चानं भजी खाल्ली. सोमवारी मी साहेबांना कळवलं. तक्रार गेली नाही.

महिन्याभरानं विजय ऑफिसात आला. “मॅडम, गिऱ्हाईक दुप्पट झालं. आधी लोकांना वाटायचं, इन्कम टॅक्सचा साहेब येऊन बसलाय. लांबूनच जायचे.”

नसलेली पदवी लावल्यानं धंदा वाढतो, हा समज निदान वारंगा फाट्यापुरता तरी चुकीचा निघाला. फायनल मात्र त्याला आणखी दोनदा द्यावी लागली.