नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

चहा गार असला तर तुम्ही-आम्ही काय म्हणतो? "गार आहे रे, तापव." आमचे आमदारसाहेब तसं म्हणायचे नाहीत. ते आधी उठून उभे राहायचे, जाकिटाचं वरचं बटण लावायचे, उजव्या हाताचं एक बोट छताकडे करायचे आणि मग बोलायचे, "सदर चहा गार आहे, हे खरे आहे काय? असल्यास, तो गरम करण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

जालन्यातल्या मस्तगड भागातल्या हॉटेलवाल्याने या तीन प्रश्नांच्या धास्तीने हॉटेल विकायला काढलं होतं. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. हॉटेल अजून तिथेच आहे, म्हणजे गिऱ्हाईक मिळालं नाही.

मी मंडप आणि माईकवाला. आमच्या जालन्यात माझा भोंगा लागला की बदनापूरच्या स्टेशनावरची गाडी शिट्टी न देताच सुटते, कारण गार्डाला स्वतःची शिट्टी ऐकू येत नाही. त्यामुळे निवडणुकीत सगळ्या पक्षांना मीच लागतो. साहेबांची ओळख अशीच झाली. दोन वेळा आमदार झाले, तिसऱ्यांदा पडले, आणि तरी मरेपर्यंत आम्ही त्यांना आमदारसाहेबच म्हणत राहिलो. ते मला 'माईकवाले' म्हणायचे. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, हा प्रश्न त्यांनी कधी सभागृहात मांडला नाही.

अधिवेशनाहून परत येताना बाकीचे आमदार काय काय घेऊन यायचे. कुणी बदली, कुणी ठेका, कुणी नुसतीच ओळख. आमचे साहेब प्रश्न घेऊन जायचे आणि उत्तरं घेऊन यायचे. विजेच्या जळालेल्या डीपीवर प्रश्न, न उगवलेल्या बियाणावर प्रश्न, दवाखाना आहे पण डॉक्टर नाही यावर प्रश्न. त्यांनी जाकिटाचं बटण लावलं की समोरच्या बाकावर मंत्र्यांना ठसका लागायचा म्हणे. एक मंत्री तर पडलेला चष्मा शोधायला बाकाखाली वाकले, ते अधिवेशन संपल्यावरच वर आले. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण इतक्या वेळा सांगितलंय की आता पाहिल्यासारखंच आहे.

एवढं मात्र सगळ्या तालुक्याने पाहिलं, की डीपी आली आणि डॉक्टरही आला. फक्त पूल आला नाही.

साहेबांचं गाव आष्टीच्या पुढे, नदीपल्याड. मधे सिमेंटचे पाइप टाकून केलेला एक बुटका पूल. नदीला पाणी आलं की सगळ्यात आधी तोच आंघोळीला उतरायचा. मग शाळेची पोरं अल्याड, मास्तर पल्याड, आणि एसटी आष्टीहूनच माघारी.

पहिल्या निवडणुकीची शेवटची सभा नदीच्या अल्याड होती. माईक माझा. टाळ्या चढत गेल्या तसे साहेबही चढत गेले, आणि मी आवाज चढवत गेलो. शेवटी त्यांनी बोट आभाळाकडे केलं आणि गर्जना केली, "पूल झाल्याशिवाय मी माझ्या गावात पाऊल ठेवणार नाही!"

आता तुम्हीही सभा ऐकल्या असतील. अशी वाक्यं पत्रावळीसारखी असतात, जेवण झालं की फेकायची. पुढारी असं बोलतो आणि मागच्या वाटेने घरी जेवायला जातो. मी वायर गुंडाळत होतो, तर साहेब माझ्या टेम्पोजवळ येऊन उभे.

"माईकवाले, जालन्याला जाऊन राह्यले का?"

"हौ साहेब. पण तुमचं घर तर समोरच दिसून राह्यलं."

"दिसून राह्यलं," ते म्हणाले आणि भोंग्यांच्या मधे जागा करून बसले.

ते जालन्याला आले ते आलेच. तिथल्या एका शेठजींनी आपल्या लोखंडी सामानाच्या दुकानावरची खोली त्यांना दिली. शेठजींचे पणजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठजींच्या शिव्या अस्सल जालन्याच्या. साहेब खाली आले की शेठजी गल्ल्यावरूनच मंत्री व्हायचे.

"दुकानात तीन इंची खिळे नाहीत, हे खरे आहे काय?"

"हे खरे नाही," शेठजी मान न वळवता सांगायचे. "म्हणून भाग दोन व तीनचा प्रश्न उद्भवत नाही. बसा बराबर, चहा सांगतो."

पुलाचा प्रश्न मात्र त्यांनी दर अधिवेशनात टाकला. पुलाअभावी गावाचा संपर्क तुटतो, हे खरे आहे काय? पहिल्यांदा उत्तर आलं, 'हे अंशतः खरे आहे.' नंतर, 'प्रस्ताव तपासण्यात येत आहे.' नंतर, 'माहिती घेण्यात येत आहे.' सगळी उत्तरं लेखी. यादीत त्यांचा नंबर यायच्या आत प्रश्नोत्तराचा तास संपायचा, आणि तास संपला की उरलेल्यांना कागद मिळतो.

"लेखी उत्तराला उपप्रश्न विचारता येत न्हाई, माईकवाले," ते सांगायचे. "एकदा, फक्त एकदा मंत्र्याच्या डोळ्यात बघून विचारायचंय. मंग होय म्हणू दे, न्हाई म्हणू दे."

वहिनी गावातच राहिल्या, शेत बघायला. दोघांची भेट आष्टीच्या बाजारात व्हायची. माझा टेम्पो तिकडे जाणार असला की साहेब दाढी करून तयार. कधी कधी टेम्पोला तिकडे काहीच काम नसायचं, तरी जायचा. वहिनी डोक्यावर टोपलं घेऊन नदी उतरून यायच्या, लिंबाखाली फडकं सोडायच्या, भाकरी आणि ठेचा आधी माझ्यापुढे ठेवायच्या.

"दादा, तुमच्या आमदाराला सांगा, साऱ्या सरकारला इचारून राह्यले, एकदा बायकूला बी इचारा म्हनाव, कसं चाल्लंय."

साहेब भर बाजारात उभे राहायचे. बटण. बोट. "सदर महिलेची प्रकृती उत्तम आहे, हे खरे आहे काय?"

"अंशतः खरं हाय," वहिनी म्हणायच्या, आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसायच्या की शेजारचा मिरच्यावाला तराजू धरून तसाच थांबायचा.

तिसऱ्या निवडणुकीत साहेब पडले. पाडलं कुणी, तर त्यांच्याच गावाने. "पूल आणला न्हाई आन् घरी बी आला न्हाई," असं गाव म्हणालं. त्यात खोटं काय होतं? खोलीच्या जिन्यावर भेटायला येणाऱ्यांच्या चपलांचा ढीग असायचा, तो एका रात्रीत एका जोडावर आला.

मग वहिनी गेल्या. निरोप आला तसे शेठजी, साहेब आणि मी टेम्पोने नदीपर्यंत गेलो. पाणी मांडीइतकं होतं. पल्याडहून चार म्हातारे पाण्यातून आले.

"चला साहेब," त्यातला एक हात धरून म्हणाला. "बोलल्यालं कोन धरून बसलंय? आमी तर कवाच इसरलो."

"मी पटलावर ठेवलेला शब्द आहे, नाना. मागं घेता येत न्हाई."

नानांनी त्यांच्याकडे बघितलं, मग नदीकडे बघितलं आणि परत फिरले. थोड्या वेळाने गाव वहिनींना खांद्यावर घेऊन पाण्यात उतरलं आणि अल्याड आलं. लिंबाची एक फांदी पाण्यातून वाहत चालली होती, तिला वाट देण्यासाठी खांदेकरी मधेच थांबले, ते मला अजून दिसतं. साहेब पुढे झाले. हात बटणाकडे गेला, बटण लागलं. तोंड उघडलं. प्रश्न आला नाही.

त्यानंतर ते माझ्या गोदामात येऊन बसायला लागले. तिथे माझ्या हजारभर खुर्च्या. बरं, तीनशे. रांगा लावून ठेवलेल्या असल्या की ते मधल्या एका खुर्चीवर बसायचे आणि समोर बघत राहायचे. मी म्हणायचो, "साहेब, पुढं बसा ना." ते म्हणायचे, "सभागृहात माझी जागा हीच होती."

आणि एक दिवस खुद्द बांधकाममंत्री जालन्यात आले. कसल्या तरी इमारतीचं उद्घाटन, मंडप माझा. साहेबांना मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की गोदामातला दिवा मी मालवला. ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले. जाकीट इस्त्रीचं. मंत्र्यांचं भाषण ऐन रंगात आलं, म्हणाले, "काही अडचण असेल तर सांगा, मी ऐकायलाच आलोय."

साहेब उभे राहिले. बटण. बोट.

मी दुसरा माईक घेऊन खुर्च्यांमधून धावलो. "साहेब, धरा. बोला!"

त्यांनी माईक हलकेच बाजूला केला. "अजून पुकारलं न्हाई, माईकवाले."

"कोन पुकारनार इथं? बोला जल्दी!"

"अध्यक्षांनी नाव पुकारल्याशिवाय सदस्याला बोलता येत न्हाई."

मी स्टेजकडे पळालो. सूत्रसंचालक पोरगेलासा होता. त्याच्या कानात नाव सांगितलं. "कोण?" तो म्हणाला. मी परत सांगितलं. तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं, मंत्र्यांनी घड्याळ बघितलं आणि गाड्यांचा ताफा धुरळा उडवत गेला. ज्यांना हार मिळाले ते हारांसकट गेले, ज्यांना मिळाले नाहीत ते त्यांच्याही आधी गेले.

साहेब उभेच होते. बोट वर. माझी माणसं कनाती सोडायला लागली होती, मी त्यांना थांबवलं. स्टेजवर चढलो, माईक सुरू केला. हा घसा आयुष्यभर ओरडला, पण त्या दिवशी मी साध्या आवाजात त्यांचं पूर्ण नाव घेतलं. "सन्माननीय सदस्य," असं आधी म्हणून.

त्यांनी मान लववली. आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर, रिकाम्या स्टेजकडे बघत, एक शब्द न चुकता पुलाचा सबंध प्रश्न विचारला. विलंबाच्या कारणांपर्यंत. मग ते थांबले. उत्तराची वाट बघत.

मागच्या रांगेत शेठजी उरले होते. ते गुडघ्यावर हात देऊन उठले. एवढा तोंडाळ माणूस, पण एकही शिवी दिली नाही. म्हणाले, "हे खरे आहे."

अर्धवट नाही, अंशतः नाही. सबंध.

साहेब त्यांच्याकडे वळले. "उपप्रश्न न्हाई," म्हणाले, बटण सोडलं आणि बसले.

ते गेले ते पावसाळा उतरता उतरता. खोलीत, बसल्या जागी. पूल अजून नव्हता. आजही नाही. गाडी नदीपर्यंत गेली, पल्याडहून गाव आलं आणि पाण्याच्या कडेला सगळे अडले. नाना म्हणाले, "त्याचा शब्द हाय. पलीकडं न्यावं का न्हाई?" ज्या तीरावर वहिनींना ठेवलं होतं, तिथेच यांनाही ठेवावं, असंही कुणीतरी पुटपुटलं.

शेठजी पुढे आले. डोळे पुसले, घसा साफ केला.

"पाऊल ठेवणार न्हाई म्हणले होते ना? मंग आता पाऊल कुठं ठेवून राह्यले? खांद्यावर चालले. उचला! बिलकुल नियमात आहे."

आणि साहेब घरी गेले. शेठजीही धोतर सावरत, शिव्या देत, पाण्यातून त्यांच्या मागे गेले.

माझा टेम्पो पाण्यात उतरत नव्हता. शोकसभेसाठी आणलेले भोंगे घेऊन मी अल्याडच राहिलो. काठावर एक भोंगा उभा केला, तोंड गावाकडे केलं. माईक तपासायचा म्हणजे आम्ही 'हॅलो, हॅलो' म्हणतो. मी म्हणालो, "सन्माननीय सदस्य," आणि त्यांचं नाव घेतलं.

थांबलो.

माझा आवाज कुठवर जातो, हे मी तुम्हाला नेहमी छातीठोक सांगतो. त्या दिवशी तो कुठवर गेला, मला सांगता येणार नाही.