न वाचता हसणं

आमच्या वर्तकनगरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक काका एकटे राहतात. कॉम्प्युटर कंपनीतून रिटायर झालेले. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी त्यांचा कॉम्प्युटरवरचा जोक यायचा, नाहीतर नेटवर सापडलेली एखादी गंमत. मोबाइलवरच्या नकाशाने थेट समुद्रात नेऊन सोडलेला रस्ता वगैरे. लिफ्टमध्ये भेटले की दार हाताने अडवून समजावायचे, "वहिनी, कळला ना? बायनरीत, म्हणजे नुसत्या शून्य-एकच्या मोजणीत, दहा म्हणजे दोनच हो!" माझी भाजी गॅसवर असायची. त्यामुळे ग्रुपवर त्यांचं नाव दिसलं की मी न वाचताच हसरा चेहरा पाठवून मोकळी व्हायचे. सगळेच तसं करायचे.

एका सकाळी त्यांनी लिहिलं, "छातीत दुखतंय. कोणी वर येता का?" त्याखाली नऊ हसरे चेहरे जमले. कचरा न्यायला येणाऱ्या बाईंना ते दारातच बसलेले दिसले, तेव्हा कुठे आरडाओरडा झाला.

पंधरा दिवसांनी ते घरी आले. मी भेटायला गेले आणि वर त्यांनाच झापलं, "अहो, सरळ फोन करायचा ना!"

"तुम्हालाच लावत होतो, वहिनी," ते म्हणाले. "तेवढ्यात तुमचा हसरा चेहरा आला."