टाकेकाकूंनी मागे घेतलेली सही

शाळेच्या मागच्या गल्लीत टाकेकाकूंचं शिवणकाम चाले. नवरा गेल्यापासून घराचा सगळा भार शिलाई मशीनवरच. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून त्या कुणाच्या होला हो म्हणत. "नाही" हा शब्द जिभेवर यायचाच नाही.

एके दिवशी त्यांच्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाई अर्ज घेऊन आल्या. शाळेच्या ग्रंथालयातली एक कादंबरी काढून टाकायची होती. "त्यातली मुलं सिगारेटी ओढतात, शिव्या देतात. सगळ्या आयांनी सह्या केल्यात."

काकूंनी दाताने दोरा तोडला आणि सही ठोकली.

शाळेतून आल्यावर नववीतल्या लेकीने विचारलं, "आई, तू वाचलंस ते?"

"मी कुठली वाचतेय? सगळ्यांनी केली, मीही केली."

"आणि मी 'सगळ्यांनी केलं' म्हटलं की रागावतेस ना?"

लेकीने दप्तरातून तेच पुस्तक काढून मशीनवर ठेवलं.

काकू कामातून सवड काढून वाचत राहिल्या. सिगारेट होती, शिव्याही होत्या. त्या त्यांना खटकल्याच. पण गोष्ट एका मुलीची होती. वर्गातल्या तोतऱ्या मुलाला छळायला ती नकार देते, म्हणून सगळा वर्ग तिच्याशी अबोला धरतो. ती जिन्यात एकटी बसून डबा खाते, तिथे काकूंनी पुस्तक मिटून लेकीकडे पाहिलं.

"तुझ्याशी असं कुणी वागतं का गं?"

"आता नाही. गेल्या वर्षी वर्गातल्या मुली वागायच्या." लेक खाली बघत म्हणाली. "मीही जिन्यातच बसायचे."

पालकसभेत अर्ज वाचून मुख्याध्यापकांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" काकू उठल्या.

"माझी सही खोडा. मी न वाचताच केली होती."

"म्हणजे तुम्हाला शिव्या चालतात?" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

"नाही चालत, बाई. पण माझ्या पोरीने वर्षभर काय सोसलं, ते मला या पुस्तकामुळे कळलं. एका घरात राहून पत्ता नव्हता मला."

मतासाठी हात वर झाले आणि पुस्तक ग्रंथालयातून गेलं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंचा गडी येऊन अर्धवट शिवलेले पडदे घेऊन गेला. काकू स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडल्या.

"आता तुझ्याशी कुणी बोलणार नाही," लेक हळूच म्हणाली.

"नाही तर नाही," काकूंनी डोळे पुसले. "तू आहेस ना? चल, बॉबिनवर दोरा भरून दे."